अक्कांच्या दारातली जीप

ये सुमन, अशी जवळ बस. तू नागपूरला आणि मी फलटणला, तरी वाचताना जवळ बसल्यासारखी बस, म्हणजे मला ओरडायला नको. आणि आधी ऐकून घे, मग काय हसायचं ते हस. “आत्या, मामांनी या वयात लढाईतलं भंगार विकत घेतलं म्हणे, खरं का?” असं लिहितेस आणि पुढं तीन-तीन उद्गारचिन्हं देतेस! शाळेत पोरांना शिकवतेस ना गं तू? चौकशी न करता कुणाला हसू नये, हा धडा तुमच्या पुस्तकातून काढून टाकला की काय? तुला उत्तर लिहायला घेतलं तर ते कार्डावर मावेना, म्हणून ही वहीच काढली. वाचून झाली की बाकीच्या भाच्यांना दे. त्यांच्यातली एकही माण तालुका ओलांडून खाली कवठे महांकाळच्या बाजूला गेलेली नाही. आम्ही जाऊन आलो. चार दिवस लागले.

तुझे मामा दुसऱ्या महायुद्धात ड्रायव्हर होते हे तुला ठाऊक आहे. ज्या जीपवर तीन वर्षं काढली ती तिकडंच परमुलखात सोडून त्यांना यावं लागलं. आमचं लग्न झालं त्या वर्षी मला वाटायचं, हे माझ्याशी बोलायला लाजतात. तसं काही नव्हतं. जीपबद्दल विचारलं की तासभर बोलायचे. पुढं ऊस आला, पाटाचं पाणी आलं, पोरं मोठी झाली, पण मिल्ट्रीच्या लिलावातलं सामान कुठं विकायला आलंय असं कळलं की हे निघालेच. एकदा पेट्रोलचा चपटा डबा आणला. त्यात मी घासलेट भरते. एकदा घडीचं फावडं आणलं, ते शेण ओढायला फार बरं पडतं. दिवे आणले, भोंगा आणला, एकदा तर नुसतं चाक आणलं आणि त्यात आमची मांजर व्याली. “नवरीचे दागिने सगळे जमलेत,” मी म्हणायची, “नवरी तेवढी मिळायची राहिलीय.”

गेल्या महिन्यात हे साताऱ्याला पेन्शन आणायला गेले. तिथल्या बाकावर यांच्यासारखे चार जुने शिपाई बसलेले असतात आणि कुणाकडं काय विकायचंय ते सगळं त्यांना ठाऊक असतं. दोन गाड्यांची बातमी मिळाली. एक म्हसवडला, चालू. दुसरी कवठे महांकाळला, एका हवालदाराची, अगदी अस्सल, पण हवालदार वारले तेव्हापासून दोन वर्षं बंद.

“मीही येणार,” मी म्हटलं.

“तुला काय कळतंय गाडीतलं?”

“गाडीतलं न्हाई कळत. विकणाऱ्याच्या तोंडावरचं कळतं.”

यांनी खुंटीवरून दुसरी पिशवी काढली, म्हणजे मी येणार हे ठरलं.

म्हसवड, सोमवार

एसटीचं काय सांगू, धूळ आणि धक्के. ते सोडून देते. पण फलटण मागं पडलं की ऊस संपतो, आणि दहिवडीच्या पुढं जमीन अशी उघडी होते की बघत राहावं. आमच्याकडं उसात माणूस शिरला तर हाका मारून शोधावा लागतो. इथं बाभळीखाली बसलेली शेळीसुद्धा कोसावरून दिसते. मला आधी भकास वाटलं. मग वाटलं, इथल्या माणसाला एकमेकांपासून काही लपवता येत नसेल.

सिद्धनाथाचं दर्शन घेतलं आणि पायरीवर भाकरीचं गाठोडं विसरलो. परत येऊन बघते तर देवळातलं एक कुत्रं माझी शेंगदाण्याची चटणी खाऊन ठसकत होतं. उपाशीपोटीच गाडी बघायला गेलो.

गाडीचा मालक घोंगड्यांचा व्यापारी, मोठा बोलका माणूस. गाडी निळी, मोरासारखी. आत लाल रेक्झिनच्या गाद्या, वर पत्र्याचं छप्पर.

“बघा काका! इंजन डिझेलचं बसवलंय. लग्नसराईत पंचवीस माणसं बसत्यात हिच्यात, पंचवीस!”

यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. “आनि जीप कुठं हाय?”

“आवं, हीच की!”

“तोंड तेवढं जीपचं हाय रं. बाकी समदे घरजावई बसल्यात.”

व्यापारी खो खो हसला. तरी त्यानं सवयीनं खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि हात पुढं केला. बैलबाजारात टॉवेलाखाली बोटं धरून भाव करतात ना, तसा. यांनी आपला हात मागं घेतला.

“न्हाई गड्या. बोट धरलं की बोलणं सुरू झालं, आन् बोलणं झालं की तुजा शब्द मोडायचं जिवावर येतंय.”

आता गिऱ्हाईक हातचं गेलं म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस काय करील? फार तर चहा विचारील. यानं मला विचारलं, “मावशी, जेवलाय का?” मी कुत्र्याची हकिकत सांगितली. “मग गाडी घेतली न्हाई म्हणून उपाशी जाताय व्हय?” म्हणाला आणि घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोनं हुलग्याचं गरम माडगं वाढलं, वर लसणाची फोडणी. हुलगे आम्ही जनावरांना घालतो, सुमन. मी दोन वाट्या प्याले आणि तिसरीला लाजले.

कवठे महांकाळ, मंगळवार

दुपारी पोचलो. हवालदारांच्या घराची वाट विचारली तर पोरंटोरं म्हणाली, “अक्कांच्या घरी व्हय? ती जीप दिसती तितं.”

अक्का म्हणजे हवालदारांच्या पाठीमागं राहिलेल्या त्यांच्या मालकीण. माझ्याच वयाच्या, काटक, पांढरं लुगडं, बोलायच्या आधी माणसाकडं नीट बघून घेणाऱ्या. पाय धुवायला एक तांब्या पाणी दिलं आणि पायाखाली घमेलं ठेवलं. आमच्या पायाचं पाणी त्यांनी उचलून लिंबाच्या बुंध्याला ओतलं. दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते, पण हात अजून विसरले नव्हते. पाटाच्या पाण्यात वाढलेली मी, मला पाय धुतल्याची लाज वाटली.

लिंबाखालीच ती उभी होती. चार दगडांवर, चाकं अधांतरी. हिरवा रंग उन्हानं पांढुरका झालेला, पुढच्या काचेची चौकट बॉनेटवर निजवलेली, मागच्या सीटवर कोंबड्या. यांनी पायातली पायताणं काढली. देवळात शिरताना काढतात तशी. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

“विकायची हाय ना?” यांनी विचारलं.

“हाय बी आनि न्हाई बी,” अक्का म्हणाल्या. “माजं पोरगं पुण्याला कारखान्यात हाय. त्याला या जागेवर खोली बांधायचीया. ते बी खोटं न्हाई, सून-नातवंडं आली की निजायला जागा पुरत न्हाई. त्यानं मिरजेचा भंगारवाला ठरवलाय. बेस्तरवारी येतोय. हितंच गॅसनं कापून तुकडं नेतो म्हणलाय.”

“बेस्तरवारी? म्हंजे परवा?”

“व्हय. पन मी पोराला सांगितलंय. त्याच्या आदी कुनी चालवून न्हेली तर भंगाराच्याच भावात ती त्याची. चालवून. दोर लावून ओढायची न्हाई, ट्रकवर घालायची न्हाई. माज्या दारातनं ती आपल्या पायानं जाईल. कसायाच्या मागं जनावर ओढत जातं तसं मला बघवायचं न्हाई.”

“बंद का पडली?” मी विचारलं.

अक्कांनी सीटवरची एक कोंबडी हुसकली. “मालक सकाळी शाळूच्या रानात गेलं, तितंच बांधावर बसल्या जागी गेलं. सांजच्याला पावण्यास्नी निरोप द्यायला भावकीनं गाडी काढाय बघितली. आदल्या दिवशी मालकांनी बाजारातनं चालवत आणलेली गाडी, पर काय केल्या सुटंना. विहिरीवरच्या इंजनांचा फिटर आणला, तो म्हणला डिझेलचं इंजन सांगा, ह्यातलं आपल्याला कळत न्हाई. मग समदं गाव म्हणलं, मालकामागं गाडीनं बी जीव सोडला.”

हे बॉनेट उघडून आत वाकले होतेच. पेट्रोलच्या इंजिनात एक काळी डबी असते, चारी बाजूंना ठिणगी वाटून देणारी. तिचं झाकण यांनी काढलं, आत बघितलं, आणि मोठ्यानं हसायला लागले.

“पठ्ठ्या! आरं, हवालदार, पठ्ठ्या हायस!” मग आमच्याकडं वळले. “अक्का, गाडीला काय बी झालं न्हाई! ह्यातला तुकडा काढलाय. एवढासा काळा तुकडा असतोय फिरता, रोटर म्हणत्यात. मिल्ट्रीत आमाला हुकूमच हुता, गाडी सोडून जायचं तर रोटर काढून खिशात घालायचा. म्हंजे दुश्मनाला गाडी पळवता येत न्हाई. आमी तर उशाला घेऊन निजायचो. हवालदारांनी बी काढला असणार, आदल्या रातीला. कुटं ठेवायचे ते?”

अक्का घरात गेल्या आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आल्या. आत पदकं, तंबाखूची चंची आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेलं काहीतरी. गाठ सोडली. पेरूएवढाही नाही, सुपारीहून जरा मोठा, काळा तुकडा, वर पितळेची पट्टी.

“गेलं तवा बंडीच्या खिशात गावलं. मला वाटलं लढाईतली कसली तरी खूण हाय. रोज सांजचं खिशात असायचं. बंडी धुताना मी काढून ठेवायची, परत घालायची. कवा इचारलं न्हाई.”

“हाच! हाच तो!” यांनी आनंदानं हात पुढं केला.

अक्कांची मूठ मिटली. हळूच, आपोआप मिटावी तशी. आणि त्यांनी विचारलं, “म्हंजे गाडी मेली न्हवती?”

मी मागून यांचा सदरा ओढत होते, पण उशीर झाला होता. यांचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, झाकण परत लावलं आणि उगाच चाकाशी जाऊन बसले.

मी अक्कांबरोबर चुलीपाशी गेले. त्या भाकरी थापायला लागल्या. रोटर लुगड्याच्या पदराला बांधला होता आणि थापताना तो परातीच्या कडेला टक टक वाजत होता.

“भोळेपणानं बोललं तुमचं मालक, त्यांचा काय बी दोष न्हाई,” त्या म्हणाल्या. “पर दोन वर्सं मला वाटायचं, मागं ऱ्हाऊन दुःख करणारी मी एकटी न्हाई. दारात आनि कुनीतरी हाय. रोज सकाळी झाडताना मी तिच्याशी बोलायची बी.”

मी तव्यावरची भाकरी उलटली. त्या पुढं म्हणाल्या, “हे दिलं तर मालकांच्या खिशातलं शेवटचं जातंय. न्हाई दिलं तर परवा ती कापली जातीया. तुमी सांगा मी काय करू.”

मला गाडीतलं कळत नाही हे मी आधीच सांगितलंय. पण माझं अर्धं आयुष्य गोठ्यात गेलंय. मी विचारलं, “अक्का, तुमच्याकडं बैल विकताना दावं देतात का?”

“छ्या! दावं कवा देत्यात? घेणाऱ्यानं आपलं आणायचं. दावं धन्याच्या गोठ्यातच ऱ्हातंय.”

“आमच्याकडंही तसंच आहे.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पदराच्या गाठीकडं बघितलं. चुलीत शेंगांची फोलं तडतडत होती. “मग तुमाला नवं दावं आणावं लागंल,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा जरा हसल्या.

बाहेर जाऊन मी यांना सांगितलं. हे म्हणाले, “आगं, तीस वर्साची गाडी. हिचा तुकडा काय वाण्याकडं मिळतोय? उद्याचा एक दिवस हाय हातात. न्हाई मिळाला तर?”

“तर तुम्ही अक्कांकडं तो मागणार?”

यांनी चाकावरची धूळ तळहातानं पुसली. मग म्हणाले, “न्हाई. न्हाई मागणार.”

तेव्हा मला कळलं की आता गाडीही जाऊ शकते आणि हे ती जाऊ देतील. तीस वर्षं शोधलेली गाडी.

सांगली, बुधवार

सांगलीच्या जुन्या सामानाच्या दुकानांच्या गल्लीत आम्ही सकाळी उभे राहिलो. पहिल्या दुकानात मान हलली. दुसऱ्यात ट्रॅक्टरचा दाखवला. तिसरा दुकानदार म्हणाला, “आजोबा, नवी गाडी घ्या की!” यांचं तोंड उतरत चाललं होतं. तिसऱ्यानंच जाता जाता सांगितलं, टोकाला अप्पा बसतात, त्यांच्याकडं बघा, पण ते विकत काहीच नाहीत.

हे अप्पा पंचाहत्तरीचे, सीमेवरच्या गावचे, प्रत्येक वाक्याची शेपूट कानडीसारखी लांबवणारे. दुकानात भिंतभर मिल्ट्रीचं सामान टांगलेलं: बिल्ले, पाणी प्यायच्या बाटल्या, गाडीची घड्याळं, कंदील. सगळं पुसून लखलखीत.

“रोटर हाय रीऽ,” ते म्हणाले. “एकच हाय. पण माझं दुकान न्हवं हे, माझी हौस हाय. विकत न्हाई.”

हे उठायलाच निघाले होते. मी म्हटलं, थांबा. मी बाकड्यावर बसले आणि अप्पांना सगळं सांगितलं, बंडीच्या खिशासकट. अप्पा चष्मा पुसत ऐकत होते. बराच वेळ चष्मा पुसत होते.

“विकत न्हाई,” परत म्हणाले. “बदलून देतो. तुमच्याकडं काय हाय?”

यांनी एकेक नाव घेतलं. दिवे? आहेत. भोंगा? दोन आहेत. “घडीचं फावडं?” यांनी विचारल्यावर अप्पा ताठ बसले. “खरं? मुठीवर सरकारी बाणाची खूण हाय का?”

“हाय.”

“शेण लागलंय त्याला,” मी म्हटलं. माझं फावडं गं ते!

“धुऊन धाडा रीऽ ताई,” अप्पा म्हणाले आणि वरच्या फळीवरून एक डबी काढून यांच्या हातावर ठेवली. चिठ्ठी नाही, नाव-गाव लिहून घेतलं नाही. “ड्रायव्हरचा शब्द हाय, पुरे,” म्हणाले. ओळखीच्या दुकानातून भरलेली बॅटरीही मिळवून दिली.

कृष्णेच्या घाटावर बसून आम्ही भडंग खाल्लं. मला तिखट लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. यांच्याही आलं, पण यांनी भडंग अजून तोंडात घातलंच नव्हतं.

कवठ्याहून घरी, गुरुवार

बुधवारी रात्रीच्या एसटीनं बॅटरी घेऊन आम्ही अक्कांकडं परतलो होतो. सकाळी बघतो तर भंगारवाला आमच्या आधी उठून आलेला. ट्रकमध्ये गॅसची नळकांडी, बरोबर दोन माणसं. मी मनातल्या मनात त्याला राक्षस करून ठेवलं होतं, पण निघाला तो एक थकलेला, मुलीच्या सोयरिकीच्या काळजीतला माणूस. अक्कांनी त्यालाही चहा दिला.

“काका, तुमी लावा तुमचं,” तो यांना म्हणाला. “मला बारापतूर येळ हाय. सुटली तर तुमची, न्हाई सुटली तर माजी.”

यांनी गाडी दगडांवरून उतरवली, चाकांत हवा भरली, पेट्रोल घातलं, अप्पांचा रोटर बसवला. अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या, पदराची गाठ मुठीत. पायाखालचं बटण दाबलं. इंजिन कुरकुरलं आणि गप्प झालं. परत. परत. यांनी पुढं हँडल लावलं आणि फिरवलं. घामानं सदरा पाठीला चिकटला. अकरा वाजून गेले. भंगारवाल्यानं कपबशी खाली ठेवली, आणि मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

तो उठला, बाह्या सारल्या आणि म्हणाला, “सरा काका, तुमचा खांदा गेला. तुमी आत बसा. हँडल मी मारतो.”

त्यानं दोनदा मारलं. तिसऱ्यांदा गाडी शिंकली, काळा धूर सोडला, कोंबड्या भिंतीवर उडाल्या, आणि मग ती बोलायला लागली. एकसारखी, जुन्या माणसासारखी खोकत, पण बोलायला लागली.

“सुटली!” भंगारवालाच सगळ्यांत मोठ्यानं ओरडला.

मी घाईघाईनं डाव्या बाजूला चढायला गेले तर यांच्या मांडीवरच बसणार होते. या गाडीत ड्रायव्हर डावीकडं बसतो. “चल, तूच चालीव मग,” हे म्हणाले आणि अक्कांसकट सगळे हसले.

त्यांच्याकडं बैल विकला तर धनी शिवेपर्यंत सोबत जातो. अक्का मागं बसल्या. गावातून जाताना लोक घराबाहेर येत होते. एका म्हातारीनं नुसते हात जोडले. शिवेवरच्या म्हसोबापाशी यांनी गाडी थांबवली, पण बंद केली नाही. यांना धीर झाला नाही.

अक्का उतरल्या. पुढं आल्या आणि बॉनेटवर हात ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. बराच वेळ ठेवला.

“अंग कढत हाय हिचं,” त्या म्हणाल्या. मग यांना, “रातच्याला तो तुकडा काढून ठेवत जावा, दादा. आनि कुटं ठेवता ते वैनीस्नी सांगून ठेवा.”

आणि गाठ मुठीत धरून त्या गावाकडं चालायला लागल्या. इंजिनाच्या आवाजात मला त्यांची पावलं ऐकू आली नाहीत, पण त्या जाताना रडत नव्हत्या, एवढं मी बघितलं.

तर हे तुझं भंगार, सुमन. फलटणपर्यंत दोनदा गरम होऊन थांबली, एकदा उतारावर यांनी उगीच जोरात हाणली म्हणून मी अर्धा तास बोलले नाही, ते सगळं तुला तोंडी सांगीन. फावडं घासून सांगलीला धाडलं. अक्कांना आम्ही पत्र घातलं होतं, चार दिवस आमच्याकडं राहायला या, गाडी घेऊन न्यायला येतो. काल त्यांचं उत्तर आलं, शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेलं. येते म्हणतात. अमावास्या झाली की आम्ही निघतोय. त्यांना लेक नाही आणि माझी लेक सासरी लांब. दोन म्हाताऱ्या चुलीपाशी बसून किती बोलणार? मागच्या सीटवर जागा आहे. शाळेतून रजा काढ, उत्तराचं कार्ड टाकत बसू नकोस, सरळ निघ आणि ये. लवकर ये गं.